बर्ड्सव्हिलला निघण्याआधी

ॲडलेड,
11 मे

चि. निनाद,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या जुलैतल्या विमानप्रवासाचा तक्ता मिळाला. मेलबर्नचं मूराबिन, मिल्ड्युरा, ब्रोकन हिल, इनामिंका, बर्ड्सव्हिल, विल्यम क्रीक आणि शेवटी आमच्याकडे पॅराफील्डला. प्रत्येक टप्प्याचं अंतर, वाऱ्याचा हिशोब, तासाला 35 लिटरने एव्हगॅस म्हणजे विमानाचं पेट्रोल, वर राखीव इंधन, सगळं चोख आहे. बाबांनी तो छापून फ्रिजवर लावलाय आणि येईल त्याला कौतुकाने दाखवतात. मला त्यात एकच गोष्ट सापडली नाही. कुठे कोणाला फोन केलास, तू येणार हे तिथे कोणाला ठाऊक आहे, ते काही त्यात नाही. 'झालं आईचं सुरू' असं म्हणशील. म्हण बापडा. पण हे तुझ्याआधी लायसन्स काढलेली पायलट लिहितेय, आई नंतर.

मिल्ड्युरापर्यंत तुला काही वेगळं जाणवणार नाही. उतरायचं, कार्ड फिरवून इंधन भरायचं, निघायचं. ब्रोकन हिल सोडलं की इनामिंकापर्यंत साडेचारशे किलोमीटरच्या वर पल्ला आहे आणि खाली तांबडी माती, कोरड्या ओढ्यांच्या रेघा, मधूनच एखादं पत्र्याचं छप्पर. त्या छपराखाली जे कोणी राहतं ते त्या मुलखातलं तुझं कंट्रोल टॉवर, पेट्रोल पंप, हवामान खातं आणि खानावळ, सगळं एकच. त्यांच्याशी नीट वागणं ही सेफ्टीचीच बाब आहे. ते तुला कुठल्या परीक्षेत विचारलं नसणार.

तेव्हा आधी फोन. धावपट्ट्यांच्या सरकारी पुस्तकात लांबी, दिशा, उंची सगळं असतं, आणि बऱ्याच पट्ट्यांपुढे 'पूर्वपरवानगी आवश्यक' असंही लिहिलेलं असतं. ते आपण औपचारिकता समजतो. पण काल रात्री पाऊस पडून पट्टीचं पूर्वेचं टोक दलदलीचं झालंय, गुरं याच आठवड्यात त्या कुंपणात सोडलीत, एव्हगॅसचा शेवटचा ड्रम परवा कोणीतरी संपवला, हे पुस्तक कसं सांगणार? ते फोनवर कळतं. आणि घाई करू नकोस. पहिली दोन-तीन मिनिटं पावसापाण्याच्या गप्पा होतील, त्या होऊ देत. त्या गप्पांतच समोरचा माणूस तुला जोखत असतो. मेलबर्नची माणसं नेमकी तिथेच 'हो हो, पण मुद्दा असा' करतात.

एका स्टेशनवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या फार्मवर, मी पहिल्यांदा उतरले ती सकाळ अजून लख्ख आठवते. मालकीणबाई ट्रॅक्टर घेऊन पट्टीच्या कडेला उभ्या. मी येण्याआधी पट्टीवरून एक फेरी मारून त्यांनी कांगारू हाकलले होते. उतरल्यावर त्यांनी आधी हात मिळवला नाही की नाव विचारलं नाही. पिटो ट्यूबला टोपी घातलीस का, एवढंच विचारलं. तिथे कुंभारमाशी तासाभरात त्या नळीत चिखल कोंबते आणि मग टेकऑफला वेगाचा काटा जागचा हलत नाही. टोपी घातली, पंख दोऱ्यांनी बांधले, मगच चहा. स्वयंपाकघरातल्या लांब टेबलावर फ्रूटकेक, ताजे स्कोन आणि किटलीभर काळा चहा. मी दिवाळीच्या उरलेल्या चकल्या नेल्या होत्या. गुरं वळून आलेली दोन पोरं त्यांवर तुटून पडली आणि डबा रिकामा होईपर्यंत उठली नाहीत.

आणि मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. येताना उत्तरेच्या बोअरपाशी गुरं दिसली का? धरणात पाणी होतं का, की नुसता चिखल चमकत होता? कुंपण कुठे पडलंय का? पवनचक्की फिरत होती का? जे पाहायला त्यांना गाडीने अख्खा दिवस घालवावा लागतो ते मी वरून दहा मिनिटांत ओलांडून आले होते आणि धड पाहिलंच नव्हतं. मला मुख्य सांगायचंय ते हे. पाहुणचाराची परतफेड तिथे पैशाने क्वचितच होते. त्यांना तुझे डोळे हवे असतात. पाहत जा, वहीत लिहून ठेव, आणि कोणी विचारायच्या आत सांग.

गंमत बघ, आपण ज्याला पाहुणचार म्हणतो तो त्यांच्या रोजच्या व्यवहाराचाच भाग आहे. तीच मातीची पट्टी विमानाने येणाऱ्या फ्लाइंग डॉक्टरसाठीही असते. रात्री कोणाचं पोट दुखलं किंवा घोड्यावरून पडून कोणाचं हाड मोडलं, की घरातलीच माणसं पट्टीच्या दोन्ही बाजूंना दिवे लावतात. दिवे नसतील तर डब्यात रॉकेलमध्ये भिजवलेले टॉयलेट पेपरचे रोल पेटवतात. या सेवेचं पहिलं उड्डाण 17 मे 1928 ला क्लॉनकरीहून झालं. विमान क्वांटासकडून भाड्याने घेतलेलं, आणि खटपट जॉन फ्लिन या पाद्र्याची, ज्याचा चेहरा तुझ्या खिशातल्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे. त्याला विमानाची कल्पना 1917 साली एका पत्रातून सुचवली क्लिफर्ड पील नावाच्या तरुण वैमानिकाने. तो पुढच्याच वर्षी युद्धात गेला. त्याला यातलं काहीच पाहायला मिळालं नाही.

इनामिंकाला उतरशील तेव्हा घाईने पुढे निघू नकोस. कूपर क्रीकच्या काठाने चाल. हा खंड ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्सची शाळेतली गोष्ट तुला माहीत आहेच: 21 एप्रिल 1861 च्या संध्याकाळी ते तळावर परतले आणि तळावरची माणसं त्याच सकाळी निघून गेली होती. शाळेत ही गोष्ट त्या दैवदुर्विलासापाशी संपते. माझ्या मते खरी गोष्ट त्यापुढे आहे. त्या काठावर यांड्रुवांढा लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांनी या भुकेल्या परक्यांना मासे दिले, नार्डू या नेच्याच्या पिठाची भाकर दिली. बर्कला ते उपकार नको होते. एकदा मासे घेऊन आलेल्यांना त्याने पिस्तूल झाडून हाकललं. जूनअखेरीस बर्क आणि विल्स दोघेही गेले. तिसरा, जॉन किंग, यांड्रुवांढांकडे गेला आणि त्यांच्यात राहिला. तो नुसता खात बसला नाही. त्यांच्यासाठी पक्षी मारून आणायचा, एका बाईच्या हाताच्या जखमेवर त्याने औषध लावलं. सप्टेंबरात शोधपथकाला तो जिवंत सापडला. त्या मोहिमेचे उंट, जाता जाता सांगते, कराचीहून जहाजाने आले होते आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. म्हणजे आपल्या बाजूची जनावरंसुद्धा तुझ्याआधी तिथे पोचली आहेत.

बर्ड्सव्हिलबद्दल काय लिहू, तिथे जायला तू उतावीळ झालायसच. 1884 चं हॉटेल आणि त्याच्यासमोर धावपट्टी, मध्ये फक्त रस्ता. विमान बांधून चालत बारमध्ये जाता येतं. सप्टेंबरात शर्यतींच्या वेळी पंखांखाली तंबू ठोकून लोक झोपतात, पण जुलैत शांत असेल. तिथे कोणीतरी तुला बियर पाजेल, मग सगळ्यांसाठी घ्यायची पाळी तुझी. ती टाळायची नाही. शेवटच्या घोटानंतर आठ तास विमानाला हात लावायचा नाही हा नियम तुला पाठ आहे. पण तिथे पहाटेच निघायचं असतं, कारण सकाळ टळली की जमीन तापते आणि विमान भेळेच्या डब्यासारखं हलतं. त्यामुळे तुझा हिशोब आठ तासांचा नाही, संध्याकाळी सातचा आहे. पाळी आली की सगळ्यांना बियर पाज, स्वतः लिंबूपाणी घे. तिथल्या बारमध्ये पायलटने लिंबूपाणी मागितलं तर कोणी हसत नाही.

विल्यम क्रीकला जाताना काटी थांडा, म्हणजे लेक एअर हे मिठाचं सरोवर, वाटेत येईल. त्याचा तळ समुद्रसपाटीच्या सुमारे 15 मीटर खाली आहे, तिथे खाली उतरलास तर उंचीचा काटा शून्याखाली जातो आणि पोरांना त्याचे फोटो काढायचा सोस असतो. तू काढू नकोस. खालचं मीठ पांढरं, वरचं आभाळ पांढरं, क्षितिज गायब. चांगल्या चांगल्या पायलटांना तिथे आपण सरळ आहोत की कललो आहोत ते कळत नाही. पाणी असेल तर पेलिकनही असतात. उंची राख आणि काट्यांवर नजर ठेव.

आता फ्लाइट नोट, म्हणजे मार्ग आणि पोचायच्या वेळा लिहिलेली चिठ्ठी. ती माझ्याकडेच दे. आणि वेळा सगळ्या झुलूमध्येच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत (UTC) लिही, कारण बर्ड्सव्हिल क्वीन्सलँडच्या घड्याळाने चालतं आणि विल्यम क्रीक आपल्या अर्ध्या तास मागच्या घड्याळाने. अर्ध्या तासाच्या गोंधळापायी शोधविमान निघालं तर कॅनबराचे शोध-बचाववाले तुला रागावतील, आणि ज्या स्टेशनवाल्यांनी कामं टाकून ट्रक काढले ते काहीच बोलणार नाहीत. ते जास्त लागतं. प्रत्येक ठिकाणी पोचलास की मला फोन. आणि निघालास त्या मुक्कामीही, पुढे सुखरूप पोचल्याचा. हा दुसरा फोन बहुतेक लोक विसरतात. ज्यांनी तुला चहा दिला त्या बाई दिवसभर रेडिओपाशी कान देऊन असतात, हे लक्षात असू दे.

नेण्याबद्दल: ताजा पाव, त्या दिवशीचं वर्तमानपत्र, आणि चकल्या मी पाठवते. फळं नको, साउथ ऑस्ट्रेलियात ती आणायला बंदी आहे. संकटात इशारा पाठवणारं बीकन अंगावर ठेव, मागच्या सीटवरच्या पिशवीत नाही. पाणी माणशी दहा लिटर, तेही इंधनाच्या हिशोबाआधी वजनात धर. तुझा तो मित्र दणकट आहे, त्याचं खरं वजन विचार, लाजू नकोस.

विमान बांधायच्या जाड दोऱ्या आणि लोखंडी खुंट्या आपल्या गॅरेजमध्ये आहेत. क्लबच्या विमानात असतात त्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. बाबा पुढच्या शुक्रवारी मेलबर्नला येतायत, त्यांच्याबरोबर पाठवते. इनामिंकाला फोन केलास की काय म्हणाले ते कळव.

तुझी,
आई