लाल पेनाला टोपण लावणाऱ्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,

सादर नमस्कार.

हे पत्र आपल्या शिक्षक संघटनेच्या मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहायला हवे होते. पण तेव्हा शाळा राहणार की जाणार हे ठरलेले नव्हते आणि नुसते आभार मानायला मन तयार होत नव्हते. आता शाळा सुरू होऊन महिना उलटला आहे. काल दुपारी पावसाची झड लागलेली असताना शाळेतल्या पाढ्यांचा आवाज वरच्या घरापर्यंत ऐकू आला, तेव्हा म्हशींना वैरण टाकता टाकता मी थांबले आणि आज लिहायचेच असे ठरवले. पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण आपण जे केलेत ते आमच्या नऊ मुलांच्या वाड्यापुरते राहू नये असे मला मनापासून वाटते.

आमचा वाडा कोल्हापूरच्या पश्चिमेला, डोंगराच्या माथ्याजवळ. चौदा घरे, सगळी गवळी धनगरांची. २०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले आणि त्यासाठी पानशेत व तोरणमाळ इथल्या अशा शाळांचे नमुने पुढे ठेवले, तेव्हा राज्यभरातल्या चौदा हजारांहून अधिक लहान शाळांमध्ये आमचीही एक शाळा होती. त्यावर सर्वत्र ओरड झाली, विषय मागे पडल्यासारखा वाटला, पण आमच्यासारख्या ठिकाणी लेखी आदेशाच्या आधी तोंडी निरोप पोहोचतो. यंदाच्या थंडीत तसा निरोप आला: जूनपासून मुले खालच्या शाळेत घाला. खालची शाळा चार किलोमीटरवर आहे. मध्ये रान आहे, रानात गवे आहेत आणि पावसाळ्यात छातीइतका चढणारा ओढा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांना घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा असावी आणि जिथे शाळा देता येत नाही त्या वस्तीवरच्या मुलांच्या जाण्यायेण्याची सोय सरकारने करावी, असे शिक्षण हक्काच्या नियमांत आहे, हे तेव्हा आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हते. मी तर शाळा व्यवस्थापन समितीची तीन वर्षे अध्यक्ष होते. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असा कायदा आहे म्हणून माझे नाव घातले गेले होते, आणि इतिवृत्त घरी आले की मी सही करीत होते.

त्या निरोपानंतर वाड्यावरच्या बायका आमच्या पडवीत जमल्या आणि मुलाच्या वहीतले चार कागद फाडून आम्ही निवेदन लिहिले. मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाले आहे, म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. परंतु बायका जसे बोलल्या तसेच मी उतरवले, कारण त्या सांगत होत्या आणि मी लिहीत होते. माझे शब्द मध्ये घालण्याचा अधिकार मला आहे असे वाटले नाही. पहिले वाक्य होते, "आमी वाड्यावरच्या आया सांगतो की पावसुळ्यात वढ्याला पानी येतंय तवा दोन बाप्ये हात धरून पोरं पल्याड न्हेत्यात, आन् बाप्ये कामाला गेल्यालं असलं की पोरं घरात ऱ्हात्यात."

हे कागद घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी वरचे दोन शब्द वाचले, हसले, शेजारच्या कारकुनाला दाखवले आणि "ही काय भाषा आहे, शुद्ध लिहून आणा" म्हणून कागद परत केले. आम्ही ते ऐकले. बाजारातल्या टायपिंगच्या दुकानात पैसे देऊन निवेदन शुद्ध करून घेतले. "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की" अशी त्याची सुरुवात झाली आणि एकाच पानात सगळे मावले. घरी आल्यावर मी ते मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा एका म्हाताऱ्या आजींनी विचारले, "ह्यात वढा कुठं हाय?" ओढा नव्हताच. त्याच्या जागी "भौगोलिक अडचणी" आल्या होत्या. मुलांचा हात धरणारी दोन माणसेही गेली होती. तरीही तोच कागद आम्ही नेऊन दिला. तो न वाचताच "ठेवा तिकडे" असे उत्तर मिळाले, आणि पोहोच मागितली तेव्हा "विश्वास नाही का?" असा उलटा प्रश्न आला. मतांच्या वेळी वाड्यावर चढून येणारे एक पुढारी पुढच्या आठवड्यात आले, शाळेसमोर आमच्यासोबत फोटो काढून गेले, आणि त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही.

म्हणून आमच्या शाळेच्या बाईंनी शिक्षक संघटनेच्या मेळाव्याचे पत्रक दाखवले, तेव्हा मला जावेसे वाटत नव्हते, हे आपल्यापासून लपवत नाही. "शिक्षक, नागरी हक्क आणि लोकसंघटन" असा विषय त्यावर होता आणि पालकांनीही यावे असे खाली लिहिले होते. परंतु शिक्षकांची संघटना म्हटली की बदल्या आणि पेन्शन, एवढेच माझ्या मनात होते. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप झाला, तेव्हा बंद शाळेकडे बघून मी शिक्षकांबद्दल फार कडवट बोलले होते. त्या बोलण्याचा मला आज खेद होतो. स्वतःच्या म्हातारपणाची काळजी करणारा माणूस दुसऱ्याच्या लेकरांचीही काळजी करू शकतो, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

आम्ही सहा जणी पहाटेच्या दुधाच्या गाडीने निघालो आणि सभागृहात शेवटच्या रांगेत, चपलांच्या ढिगाशेजारी बसलो. सकाळची भाषणे मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. जोतिराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे करा, असे सांगितले होते, हे एका शिक्षिकेने फार तळमळीने मांडले. सरकारी तिजोरीत कष्टकऱ्यांचा पैसा जातो आणि शिक्षण मात्र वरच्या थरांना मिळते, हे फुल्यांचे म्हणणे ऐकताना माझ्या शेजारच्या बाईने माझा दंड घट्ट धरला होता. आपण महाडबद्दल बोललात ते मात्र शब्दन्शब्द लक्षात आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात १९२३ साली झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तरीही चवदार तळ्याच्या पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, कारण त्या दिवशी बाबासाहेबांबरोबर हजारो माणसे पायी चालत तळ्यापर्यंत गेली. "ठराव होऊन गेला होता. उरले होते ते चालत जाणे," असे आपण म्हणालात. मला माझ्या तीन वर्षांच्या सह्या आठवल्या.

त्यानंतर आपण आपल्याच सभासदांना जे ऐकवलेत त्याने सभागृह शांत झाले. पट कमी झाला की शाळा जाते आणि शाळा गेली की शिक्षकाचे पद जाते, ही चिंता एका तरुण शिक्षकाने बोलून दाखवली होती, आणि ती खोटी नव्हती. आपण ती नाकारली नाहीत. पण आपण म्हणालात की पद वाचवण्यासाठी शाळा वाचवायची असेल तर पालकांना पुढे करू नका, तो लढा आपण आपल्या नावाने लढू. पालकांकडे जायचे असेल तर आधी त्यांना काय हवे आहे ते विचारायला जा. संघटनेच्या व्यासपीठावरून संघटनेच्याच माणसाने हे सांगावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले तिच्याकडे येते. आपल्याला ती कदाचित आठवतही नसेल.

चहाच्या सुट्टीत आपण आमच्या रांगेपर्यंत आलात आणि रिकामी खुर्ची ओढून समोर बसलात. मी टाइप केलेला कागद पुढे केला. आपण तो वाचलात आणि विचारलेत, "हे तुम्ही लिहिलंय?" मग मी पिशवीतून वहीचे ते चार कागद काढले. घड्या पडून ते मऊ झाले होते आणि एका कोपऱ्याला चहाचा डाग होता. आपण चष्मा लावलात आणि वाचता वाचता खिशातले लाल पेन काढून त्याचे टोपण उघडलेत. पस्तीस-चाळीस वर्षे वह्या तपासलेल्या हाताची ती सवय होती, हे मला कळत होते, तरी माझ्या पोटात गोळा आला. पेनाचे टोक "वढ्याला" या शब्दावर येऊन थांबले. कागदाला ते टेकले नाही. आपण ते वाक्य पुन्हा वाचलेत, बहुधा तिसऱ्यांदाही वाचलेत, आणि मग हळूच टोपण लावून पेन खिशात ठेवलेत. "याला हात लावायचा नाही. हेच द्या. फक्त खाली तारीख घाला आणि दोन प्रती करा," एवढेच आपण म्हणालात.

गुरुजी, मी लिहायला शिकले ती लाल शाईच्या धाकात. मी चौथीत असताना निबंधात आमच्या घरातले शब्द लिहिले होते आणि त्या पानावर इतक्या लाल रेघा आल्या की ते पान मी फाडून टाकले. दुरुस्त करणे हे शिक्षकाचे काम आहे आणि आमच्या मुलांना "ओढा" लिहिता आलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते निवेदन म्हणजे कोणाची परीक्षेची वही नव्हती. त्या बायका सरकारशी पहिल्यांदाच बोलत होत्या, आणि ज्यांना ऐकायचे नव्हते त्यांनी भाषेचे निमित्त केले होते. आपल्या हातात पेन होते, अधिकार होता, सवयही होती, आणि आपण थांबलात. त्या कार्यालयातून निघाल्यापासून आमच्या सहा जणींच्या माना खाली होत्या, त्या तुमच्या त्या टोपण लावण्याने वर झाल्या. याहून अचूक शब्द मला सापडत नाही.

मग आपण विचारलेत, "हे पहिलं वाक्य कोणाचं?" माझ्या शेजारच्या बाईने शाळेत मुले करतात तसा हात वर केला. तिला अक्षर ओळखता येत नाही. दुपारच्या सत्रात आपण तिला माईकजवळ नेलेत आणि तिने ते वाक्य तोंडपाठ, एका श्वासात सांगितले. सभागृहातल्या शेकडो शिक्षकांपैकी कोणीही हसले नाही. उतरताना तिचे पाय थरथरत होते आणि रात्री वाड्यावर पोहोचेपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही.

पुढे जे झाले ते आपल्याला माहीत आहे आणि त्यातले टप्पे इथे लिहीत बसत नाही. वहीतले तेच कागद आम्ही पुन्हा नेले, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय हललो नाही, आणि ग्रामसभेत त्या बायका आपल्या तोंडाने बोलल्या. आपल्या संघटनेची दोन माणसे दोन्ही वेळा सोबत आली आणि दोन्ही वेळा दाराबाहेर थांबली. पुढे होऊन बोलण्याचा मोह त्यांनी टाळला, याबद्दल त्यांचेही आभार. शाळा या वर्षापुरती राहिली आहे. पुढच्या वर्षी पुन्हा निरोप येऊ शकतो, याची जाणीव आम्हाला आहे. परंतु समितीची बैठक आता दर महिन्याला शाळेच्या व्हरांड्यात होते आणि इतिवृत्त आधी वाचून दाखवले जाते, मगच त्यावर सह्या आणि अंगठे होतात.

आमच्याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. शंभर वर्षांनंतर त्याच मुलखात पालक शाळा मागत फिरतात आणि त्यांना त्यांच्या बोलीवरून परत पाठवले जाते, याचे दुःख मला फार दिवस होते. मेळाव्यानंतर ते संपले असे म्हणत नाही. पण कोणाच्याही हातात थोडीशी सत्ता आली, कारकुनाच्या, साहेबाच्या, समितीच्या अध्यक्षाच्या, म्हणजे माझ्याही, तर समोरच्याचे वाक्य आधी पूर्ण वाचायचे असते, हे मी आपल्याकडे पाहून शिकले. परवा एका आईने मुलाच्या दाखल्यासाठी मोडक्यातोडक्या शब्दांत अर्ज लिहून आणला. मी पेन उचलले होते. ते खाली ठेवले आणि तिला म्हटले, तारीख तेवढी घाला.

हे पत्र लिहून झाल्यावर मी पडवीत वाचून दाखवले. सगळ्यांनी ऐकून घेतले, आणि ज्यांचे ते पहिले वाक्य होते त्यांनी शेवटी आपल्यासाठी निरोप सांगितला. तो जसाच्या तसा लिहिते: "गुरुजी, वढ्याचं पानी उतरलं की वाड्यावर या. नाचण्याची भाकरी आन् दही खाल्ल्याबगर सोडायची न्हाई."

आपली कृतज्ञ,
वाड्यावरच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष