‘वन्स अपॉन अ टाइम’ला चार ओळी मिळाव्यात

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील अमेरिकी लोकसंगीतावरचा लेख आवडला; परंतु त्यात ‘किंग्स्टन ट्रिओ’ या गायक-त्रिकुटाला ‘टॉम डूली’ या एका गाण्यापुरते, दीड वाक्यात उरकले आहे, म्हणून त्यांच्या ‘वन्स अपॉन अ टाइम’ या अल्बमची आठवण करून देणारे हे पत्र.

त्या गाण्याचे महत्त्व मला नाकारायचे नाही. नॉर्थ कॅरोलिनात १८६८ मध्ये फाशी गेलेल्या टॉम ड्यूलावरचे ते जुने डोंगरी गाणे डेव्ह गार्ड, बॉब शेन आणि निक रेनॉल्ड्स या तिघांनी १९५८ मध्ये म्हटले आणि त्याच्या तीस लाखांहून अधिक तबकड्या खपल्या. ग्रॅमीमध्ये तेव्हा लोकसंगीताचा वर्गच नव्हता, त्यामुळे त्यांना ‘कंट्री अँड वेस्टर्न’चे पारितोषिक देण्यात आले. १९५९ अखेर तर त्यांचे चार अल्बम एकाच वेळी ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पहिल्या दहांत होते. १९६१ मध्ये गार्ड बाहेर पडले, जॉन स्ट्युअर्ट आले. पुढे बीटल्स आणि गीतकार-गायक बॉब डिलन यांच्या काळात मागणी ओसरली आणि १९६७ मध्ये त्रिकुट विसर्जित झाले.

ज्याच्याविषयी लिहायचे आहे तो लाइव्ह अल्बम मात्र यानंतर आला. नेव्हाडातील सहारा ताहो हॉटेलात १९६६ मध्ये झालेल्या त्यांच्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण ‘वन्स अपॉन अ टाइम’ या नावाने, दोन तबकड्यांच्या संचात, थेट १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वुडस्टॉकच्या प्रचंड रॉक संगीत महोत्सवाचे वर्ष. त्या गदारोळात, पट्ट्यापट्ट्यांचे सदरे घालून गाणाऱ्या आणि दोन वर्षांपूर्वीच वेगळ्या झालेल्या मंडळींची तबकडी विकत घ्यायला कोण जाणार?

हे त्रिकुट महाविद्यालयीन पोरांच्या करमणुकीत अडकून राहिले, असा आक्षेप अजूनही घेतला जातो. असे म्हणणाऱ्यांनी हा अल्बम ऐकलेला नसावा. यात ‘टॉम डूली’ आणि ‘एम. टी. ए.’ यांच्या जोडीला डिलन आणि कॅनडाचे गीतकार-गायक गॉर्डन लाइटफूट यांची, त्या वेळी नवी असलेली गाणी आहेत, आणि ती उसनी आणल्यासारखी मुळीच वाटत नाहीत. गाण्यांच्या मधल्या गप्पा आणि थट्टा तशाच ठेवल्या आहेत. (काही विनोद आता शिळे वाटतात, हेही कबूल करतो.) वर्षानुवर्षे एकत्र गाणाऱ्या माणसांना एकमेकांचा श्वास कसा कळतो, ते त्यांच्या स्टुडिओतल्या नेटक्या तबकड्यांपेक्षा येथे अधिक जाणवते.

कदाचित आम्ही खान्देशी असल्यामुळे हे चटकन पटत असेल. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर बसून बायका अहिराणी गाणी म्हणतात, तेव्हा एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची आणि मध्येच कुणा नव्या सुनेची फिरकी घ्यायची, हे सारे मिळून ते गाणे होते. तीच गाणी की-बोर्ड लावून स्टुडिओत म्हटली, की शब्द तेवढे उरतात. आमच्याकडच्या कानबाई देवीच्या जागरणाचेही तसेच. त्यामुळे समोरच्या माणसांसकट टिपलेले गाणे मला कमअस्सल वाटत नाही, उलट तेच खरे वाटते.

लेखाचा उत्तरार्ध पुढील रविवारी येणार असल्याचे आपण छापले आहे. त्यात या अल्बमला चार ओळी मिळाव्यात, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर