शेवटच्या फेरीने येऊ नकोस

आषाढ वद्य चतुर्थी

चि. मयुरी हिस,
अनेक आशीर्वाद.

आज संकष्टी. चंद्रोदयाला तासभर आहे आणि ढग असे दाटलेत की पंचांगातली वेळ बघूनच उपास सोडायचा. तेवढ्यात लिहून घेते. होडीबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. काल तू फोनवर हसत सांगितलंस, होडीतल्या जीवरक्षक जाकिटांचा गठ्ठा सुतळीने बांधून कोपऱ्यात पडला होता आणि कुणी मागितलंही नाही. मी काही बोलले नाही, पण बाबा अर्ध्या ताटावरून उठले. ते तुझ्याशी बोलत नाहीत म्हणजे ऐकत नाहीत असं समजू नकोस. फोन स्पीकरवर होता.

आणि एक सांगते, मी सांगितलं असं कळू देऊ नकोस. दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ते ऐकवत असतात की आसामातला माजुली २०१६ साली जिल्हा झाला, नदीतल्या बेटाचा असा देशातला पहिलाच, आणि आमची मुलगी तिथे शिकवते. तुझ्यासमोर मात्र ‘इथे काय शाळा नव्हत्या?’

तुला नोकरीचं पत्र आलं तेव्हा मला आधी आठवलं ते २०२१. गणपतीच्या दोन दिवस आधी, ८ सप्टेंबरला, माजुलीला जायच्या निमाती घाटाजवळ दोन बोटी धडकल्या आणि एक उलटली. त्यानंतर तिथे एका इंजिनाच्या खासगी होड्या बंद केल्या म्हणे. चांगलंच केलं. पण कायदा घाटावर असतो, पाण्यात आपण असतो. म्हणून एकदाच लिहिते आणि विषय संपवते. चढण्याआधी होडीचा काठ आणि पाणी यांत किती अंतर आहे ते बघ. वीतभरही नसेल तर ती सोडून दे, कुणी कितीही हाका मारू देत. मोटारसायकली एकाच बाजूला लावल्या असतील तर तीही सोड. खालच्या खणात बसू नकोस, पाऊस असला तरी. दप्तर गळ्यात अडकवू नकोस, खांद्यावरून निसटेल असं ठेव. जाकीट मागून घे आणि सगळे बंद लाव, नुसतं अंगात घातलेलं जाकीट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. आणि वाळूवर होडी टेकली की माणसं बघायला एका बाजूला धावतात. बुडवते ती धाव, वाळू नव्हे. तू मध्ये बसून राहा.

झालं. आता होडी नाही.

आपल्या खाडीचं एक बरं आहे, तिची वेळ ठरलेली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. आज चतुर्थी, म्हणजे तीन. दुपारी तीनला बाबा बांधावर होते, पुनवेचं उधाण अजून पुरतं उतरलेलं नाही. तुला सातवीत हे गणित येत होतं, शाळेतलं येत नव्हतं तरी. पण ब्रह्मपुत्रेला तिथी कळत नाही. उधाण नाही, मंद भरतीचा भांग नाही, वर डोंगरात पाऊस झाला की पाणी येतं, आणि तुमच्याकडे ऊन असतानाही येतं. त्यामुळे आकाश बघून पाण्याचा अंदाज करायची आपली सवय तिथे सोड. घाटावरच्या माणसाला विचार, काल पाणी कुठल्या खुणेला होतं.

काठाचंही तसंच. आपला बांध चिखलाचा, चिकट. तिथला काठ बारीक रेतीचा आणि गाळाचा, खालून पोखरतो आणि वरून शाबूत दिसतो. पूर चढत असताना पाणीच काठाला टेकू देतं. पाणी उतरलं की भिजलेली माती जड होते आणि टेकू गेलेला असतो, मग अख्खी दरड बसते. म्हणून पूर ओसरला, आता बघून येऊ, असं मुलांना घेऊन जाऊ नकोस. काठाला समांतर चीर दिसली की तिच्या अलीकडे थांबायचं, अलीकडे म्हणजे चार पावलं नव्हे, चांगलं घरभर अंतर. असंच ढासळत ते बेट बाराशे चौरस किलोमीटरच्या वरून निम्म्याहून खाली आलं. १९५० च्या १५ ऑगस्टला मोठा भूकंप झाला, नदीचा तळ गाळाने वर आला, तेव्हापासून ही खोड वाढली असं बाबांनी वाचलंय. काँक्रीटच्या सहा-सहा दांड्या बोल्टने जोडून साळिंदरं करतात आणि काठाला रांगेने टाकतात. पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ तिथेच बसतो. बाबांना ते फार आवडलं. म्हणाले, पाण्याला अडवत नाहीत, थकवतात. तुला जमलं तर एक फोटो पाठव. त्यांच्यासाठी म्हणून नको, मला पाठव.

तुझ्या घरमालकिणीचं घर खांबांवर आहे हे ऐकून मात्र बरं वाटलं. मिसिंग जमातीच्या लोकांना पाण्याची सवय पिढ्यांची. फळ्यांऐवजी चिरलेल्या बांबूची जमीन का, ते तुला कळलं असेलच, वारा खालून येतो आणि ओलं राहत नाही. शिडी रात्री कुठे ठेवतात आणि घराची होडी कुठल्या खांबाला बांधतात, हे पहिल्या आठवड्यात विचारून ठेव. पुन्हा होडीच आली बघ.

खरं मला दुसरंच विचारायचं होतं. रात्री काही झालं तर तिथे कोण कोणाला उठवतं? आपल्याकडे जोळ होती. बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस, पेंढा, चिखल, खुंट, जे असेल ते घेऊन. ओहोटीला दोन्ही टोकांनी काम सुरू करायचं आणि मधलं तोंड भांगाच्या दिवसांत बंद करायचं, कारण तेव्हा पाणी कमी ओढतं. उधाणात घाई केली की रात्रीचं काम सकाळी वाहून जातं. चिखल बांधाच्या पायथ्याचा घ्यायचा नाही, लांबून आणायचा, कितीही कंटाळा आला तरी. आणि खांड पडते ती लाटेने थोडीच, खेकड्याच्या बिळाने. बीळ वरून लिंपून भागत नाही, शेवटापर्यंत खणून ओला चिखल ठोकून भरावा लागतो. आप्पा तुला खांद्यावर घेऊन बिळं मोजायला जायचे, तुला सतरापर्यंतच आकडे येत होते म्हणून बिळंही सतराच असायची. १९४८ चा खारजमिनींचा कायदा आला, पुढे बांध सरकारी झाले, आणि माणसं म्हणू लागली, आता खातं बघेल. जोळ तिथेच सैल झाली. एकदा खारं पाणी आत आलं की दोन-तीन पावसाळे शेत धुवावं लागतं, राता भाताशिवाय काही तग धरत नाही. तुमच्या पाण्याने निदान गाळ तरी मागे राहतो, मीठ नाही. अर्थात रेती आली तर तेही शेत गेलंच.

तर तिथे नामघर आहे गावोगाव. नुसती प्रार्थनेची जागा समजू नकोस, आपल्या गावदेवीच्या सभामंडपासारखं गावाचं बोलणं तिथेच होतं. चपला बाहेर, खाली बसायचं, मागे बसायचं. पानासोबत तामूल, म्हणजे सुपारी, देतील. ती आपल्या वाळवलेल्या रोठ्यासारखी नसते, ओली असते, चढते, कानशिलं तापतात. छोटा तुकडा घे, पण नाही म्हणू नकोस. सालमोराला गेलीस तर बायका चाकाशिवाय, हाताने थापून मडकी कशी घडवतात ते बघ. माती नदीकाठातूनच खोल खड्डे खणून काढतात. तुला आपला पायथ्याचा नियम आठवेल. तो तिथे सांगत बसू नकोस, त्यांचं पोट त्यावर आहे आणि काठ कशाने जातो हे त्यांना तुझ्याआधीपासून माहीत आहे.

बघ, मीच शिकवत बसले. तू शिक्षिका आणि मी तुला नियम सांगते. रागावू नकोस. तू गेलीस त्या दिवशी स्टँडवर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. काकूने नंतर ऐकवलं मला.

कोमल चाऊल मिळाला का? नुसता पाण्यात भिजवला की भातासारखा मऊ होतो, चूल लागत नाही. दोन किलो डब्यात ठेवच, गूळही ठेव, डबा उंचावर. सुके जवळे आणि आगळाची बाटली पाठवली आहे, बाटलीला तीन पिशव्या आहेत. गणपतीला येणार नाहीस हे मी मान्य केलंय, बाबांनी नाही. पेणहून मूर्ती यंदाही तेवढीच आणायची की लहान, यावर ते दोन दिवस काही बोलले नाहीत, मग म्हणाले तेवढीच.

डिसेंबरमध्ये तुमच्याकडे साडेचारला सूर्य बुडतो. पहाटे धुकं असतं. आप्पांनंतर या घरात कुणी शेवटच्या होडीने आलेलं नाही, तुला माहीत आहे. काम राहिलं तर राहू दे, घाटावर मुक्काम कर, पैसे मी पाठवीन.

कुठल्या दिवशी पार होणार ते आधी कळवत जा. पोहोचल्यावर नको, आधी.

तुझी
आई

ता.क. बाबा विचारतायत, जाकिटाला शिट्टी असते का.