शाळेतल्या संगणकांचा मालक कोण? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. संगणक कक्षाची किल्लीही माझ्याकडेच असते. विचारांनी मी डावा आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मी जे मागणार आहे ते नेमक्या याच कारणावरून बाजूला सारलं जातं. मध्यंतरी तालुक्याच्या एका बैठकीत मी म्हटलं, की शाळांतल्या जुन्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही कुणालाही मोफत वापरता येणारी संगणक प्रणाली टाकायला परवानगी द्या. केरळच्या शाळांत हे आधीच झालं आहे. व्यासपीठावरून उत्तर आलं, "सर, ही केरळातली थेरं इथे नकोत." सभागृहात हशा पिकला आणि पुढचा विषय सुरू झाला. विषय एवढ्यावर संपावा हे मला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

आधी परिस्थिती सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिला जाणारा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा, बंद केला. विंडोज ११ हवं तर संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या कक्षातले संगणक त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. शाळांत संगणक पुरवणाऱ्या आयसीटी योजनेत बूट तत्त्वावर, म्हणजे ठेकेदाराने उभारायचं, चालवायचं आणि शेवटी शाळेला सोपवायचं अशा पद्धतीने, कक्ष उभे राहिले, करार पाच वर्षांचा, निदेशक ठेकेदाराचा. करार संपला, निदेशक घरी गेला आणि कित्येक शाळांत कक्षाला कुलूप लागलं. संगणक तसे धडधाकट आहेत. कंपनीच्या लेखी मात्र ते मोडीत निघालेत.

अशाच एका संगणकावर, दोन जीबी रॅमच्या, मी सुट्टीच्या दिवशी हलकं लिनक्स बसवलं. पडद्यावरच्या सूचना मराठीत आल्या. सोबत किग नावाचा भूमितीचा प्रोग्राम टाकला. नववीतली एक मुलगी त्रिकोणाच्या तीन मध्यगा काढून बसली होती. एक शिरोबिंदू माऊसने पकडून ती इकडे तिकडे ओढत होती आणि मध्यगासंपात बिंदू काही केल्या त्रिकोणाबाहेर जात नव्हता. "सर, हा नेहमी आतच राहणार का?" तिने विचारलं. फळ्यावर वर्षानुवर्षं मध्यगा काढूनही हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. या सगळ्याला परवान्यापोटी एक रुपयाही लागला नाही, आणि ज्या यंत्रावर हे झालं ते भंगारात काढायच्या यादीत होतं.

आता लाल रंगाविषयी. मुक्त सॉफ्टवेअर आणि डावे यांचं नातं खरं आहे, ते मी नाकारणार नाही. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ मध्ये मुक्त संगणक प्रणाली बनवण्याच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. पुढे त्यातून जीपीएल हा परवाना आला. प्रोग्राम कुणीही वापरावा, त्याची मूळ संहिता (सोर्स कोड) वाचावी, बदलावी, वाटावी; अट एकच, की बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला देताना त्यालाही हेच हक्क द्यायचे. समाईक श्रमातून उभी राहिलेली गोष्ट कुणा एकाला कुंपण घालून खासगी करता येऊ नये, हे आम्हा डाव्यांच्या मनातलंच आहे. त्यामुळे आमची पोरं रात्र रात्र जागून इंटरनेटवर त्याचा प्रचार करतात. जानेवारी २००५ मध्ये एका मुलाखतीत बिल गेट्स यांनी बौद्धिक संपदेवरचे निर्बंध सैल करू पाहणाऱ्यांना 'नव्या जमान्याचे कम्युनिस्ट' म्हटलं, तेव्हा अनेकांनी ते बिरुद आनंदाने मिरवलं.

पण हे नातं म्हणजे मालकी नव्हे. १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' (मुक्त स्रोत) हे नाव रुजवण्यात पुढाकार घेणारे एरिक रेमंड कट्टर बाजारवादी आहेत. गेट्स यांच्याच मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये गिटहब हे मुक्त सॉफ्टवेअरची संहिता ठेवायचं मोठं संकेतस्थळ साडेसात अब्ज डॉलरना विकत घेतलं. जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. फ्रान्सचं निमलष्करी पोलीस दल, ज्याला जांदार्मेरी म्हणतात, उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकारावर बेतलेली स्वतःची प्रणाली हजारो संगणकांवर वापरतं. जर्मनीतल्या श्लेस्विग-होलस्टाइन राज्याने सुमारे ३० हजार संगणक लिबरऑफिस या कार्यालयीन कामाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर न्यायचं ठरवलं, तिथे मुख्यमंत्री ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचा, म्हणजे उजव्या बाजूचा. यांतल्या कुणालाही कामगारांचं राज्य आणायचं नाही. आपलं काम दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, एवढंच त्यांना हवं आहे.

आणि हा विचार महाराष्ट्राला परका कधी होता? प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला, तेव्हा ऊस ज्याचा त्याचा कारखाना, हेच तर सूत्र होतं. तो झेंडा लाल नव्हता. सहकाराचं पुढे काय झालं हा वेगळा विषय आहे, पण भागीदारीतून मोठं काम उभं राहतं हे या राज्याला कुणी शिकवायला नको.

आपल्या बाजूच्या कार्यकर्त्यांना स्वदेशीचा आग्रह असतो. तो मी मनापासून मानतो. म्हणूनच जुलै २०२५ मधल्या एका घटनेकडे लक्ष वेधतो. युरोपीय संघाने रशियाविरोधात निर्बंध लादले आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतात नोंदलेल्या, गुजरातेत वाडीनारला तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या कंपनीच्या सेवा तोडल्या. पैसे भरलेले होते, परवाने चालू होते, भारतीय कायद्याने कसलीही मनाई नव्हती. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत आल्या. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर जिल्हा परिषदेच्या शाळेने कुणाकडे दाद मागायची? परदेशी कंपनीच्या जागी देशी कंपनीचं बंद सॉफ्टवेअर आणलं तर धोका कमी होईल, नाहीसा होणार नाही. किल्ली कुलूप बनवणाऱ्याकडेच राहिली तर तो आपल्या गावचा आहे याचं समाधान किती दिवस पुरेल? केंद्र सरकारनेही २०१५ मध्येच धोरण काढून ई-प्रशासनाच्या प्रणालींत मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला पसंती द्यायला सांगितलं आहे. ते धोरण मोदी सरकारचं आहे, केरळचं नव्हे.

तरीही केरळकडे यावंच लागेल, कारण शाळांच्या बाबतीत एवढं मोठं काम देशात दुसरीकडे झालेलं नाही. २००१ च्या जुलैमध्ये तिरुवनंतपुरममध्ये स्टॉलमन यांच्या उपस्थितीत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भारतीय शाखा सुरू झाली. त्याच सुमारास राज्याचा आयटी@स्कूल प्रकल्प उभा राहत होता आणि तो सुरू झाला विंडोजवरच. त्याला वळण दिलं ते शिक्षकांनी. डाव्या विचारांची शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांनी लावून धरलं, की एका कंपनीची उत्पादनं अभ्यासक्रम म्हणून शिकवायची नाहीत. २००६ मध्ये डाव्या आघाडीचे अच्युतानंदन मुख्यमंत्री झाल्यावर त्याला सरकारचं बळ मिळालं. २०११ मध्ये काँग्रेस आघाडी सत्तेवर आली, मुख्यमंत्री ओमन चंडी झाले, पण त्यांनी हे काम मोडीत काढलं नाही. पुढे प्रकल्पाचं 'काईट' या सरकारी कंपनीत रूपांतर झालं. २०१९ मध्ये काईटने उबुंटूवर आधारलेली आपली नवी प्रणाली दोन लाखांहून जास्त शालेय संगणकांसाठी दिली आणि परवान्यांचे सुमारे ३ हजार कोटी रुपये वाचतील असा अंदाज मांडला.

हा आकडा खूप गाजला. मला मात्र तो या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटत नाही, आणि आमच्याच मंडळींनी तो उठता-बसता सांगून नुकसान केलं असं माझं मत आहे. पैसे वाचतात एवढंच ऐकलं की अधिकाऱ्याला वाटतं, सीडी वाटली की काम झालं. केरळने पैसा वाचवला नाही, तो दुसरीकडे वळवला: माणसांवर. तिथे मास्टर ट्रेनर म्हणून शिक्षकच काम करतात, प्रतिनियुक्तीवर. शिकवण्याचा अनुभव असलेला माणूस दुसऱ्या शिक्षकाला त्याच्या विषयाच्या अंगाने संगणक शिकवतो. कोणता प्रोग्राम घ्यायचा, मल्याळम कुठे अडतं, पुस्तकात काय बदलायचं हे तीच माणसं ठरवतात. २०१८ पासून 'लिटल काईट्स' या मंडळांतून विद्यार्थीही हे काम शिकतात. यंत्र बिघडलं, प्रश्न पडला, तर विचारायला ओळखीचं माणूस आहे.

नुसत्या डाव्या झेंड्याने हे झालं असतं तर पश्चिम बंगालमध्ये आधी झालं असतं. तिथे डावी आघाडी १९७७ ते २०११ अशी सलग ३४ वर्षं सत्तेत होती. शाळांत असं काही उभं राहिलं नाही. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, हजारो संगणक बदलले आणि २०१७ मध्ये महापालिकेने पुन्हा विंडोजकडे जायचा ठराव केला. धोरण कागदावर भक्कम असूनही ते पाठीशी घेणारी माणसं टिकली नाहीत तर ते असं उलटतं. इंटरनेटवरच्या आमच्या उत्साही मित्रांनाही हे सांगावंसं वाटतं. लिनक्सचं कोणतं वितरण (म्हणजे प्रकार) शुद्ध आणि कोणतं तडजोडवादी यावर तिथे तासन् तास वाद होतात, आणि परभणीच्या शिक्षिकेने प्रिंटर चालत नाही म्हणून विचारलं की तिला इंग्रजी माहितीपत्रक वाचायला सांगतात. तिने दुसऱ्या दिवशी परत विंडोज टाकून घेतलं तर दोष तिचा नाही.

महोदय, यात मराठीचा प्रश्नही आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला याचा आपल्या सर्वांना आनंद आहे. आता एक छोटी गोष्ट पाहा. मला एका कार्यालयाकडून जुन्या परिपत्रकाची फाइल मिळाली. उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टक्क्यांची चिन्हं आणि अवतरणचिन्हं यांचा काला. कारण ती युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची समान पद्धत येण्याआधीच्या, कुणा कंपनीच्या मालकीच्या फाँटमध्ये टंकलेली होती. तो फाँट ज्या संगणकावर नाही तिथे मराठी नाही. सरकारचं परिपत्रक, मराठी भाषा, माझ्याच शाळेसाठी, आणि वाचायची सोय कुणा तिसऱ्याच्या हाती. अशा किती फायली किती कपाटांत पडून असतील?

याच्या उलट बाजूही महाराष्ट्रातच घडली आहे. लोहित या खुल्या फाँटचं बरंच काम पुण्यात झालं. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने मुक्ता हा फाँट खुल्या परवान्याने दिला, आज तो जगभर वापरला जातो. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श', 'दऱ्या'तला अर्धा र या गोष्टी खुल्या फाँटमध्ये हव्या तशा करून घेता येतात. बंद फाँटमध्ये कंपनीला पत्र लिहून वाट पाहावी लागते. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या शिक्षणासाठी वर्षानुवर्षं काम केलं आहे, स्पोकन ट्यूटोरियलचे धडे मराठीतही आहेत. एमएस-सीआयटीने खेडोपाडी संगणक नेला, याचं श्रेय मोठंच. त्याच जाळ्यातून लिबरऑफिस आणि लिनक्सही शिकवता येईल. माणसं, संस्था, फाँट, धडे सगळं इथे आहे. त्यांना एका जागी बसवणारा शासन निर्णय नाही.

म्हणून माझी मागणी अशी. सर्व शाळांचं एका रात्रीत काही करू नका. एक जिल्हा घ्या, कुलूप लागलेले कक्ष उघडा, जे संगणक सुरू होतात त्यांवर एकच मराठी प्रणाली बसवा. ती तयार करण्याचं काम राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आणि बालभारतीकडे द्या, ठेकेदाराकडे नको. तालुक्याला किमान दोन शिक्षक पूर्णवेळ प्रतिनियुक्तीवर नेमा आणि त्यांना निवडणूक, सर्वेक्षण, पोर्टल यांतून सोडवा. हे झालं नाही तर बाकीचं करूच नका, कारण ते फसेल आणि दोष लिनक्सला जाईल. यापुढच्या निविदांत कंपनीचं नाव न लिहिता काम लिहा. आणि आम्ही शिक्षक रोज ज्या पोर्टलांत माहिती भरतो, ती राज्याच्या पैशातून बनतात तर त्यांची संहिता राज्याच्या मालकीची असली पाहिजे, ही अट करारात घाला.

त्याआधी एक शिष्टमंडळ केरळला पाठवा. त्यात निम्मे तरी वर्गात शिकवणारे शिक्षक असावेत, आणि सर्व विचारांच्या संघटनांचे असावेत. माझ्या संघटनेचं कुणी नसलं तरी चालेल. त्यांनी काईटचं कार्यालय कमी आणि शाळा जास्त पाहाव्यात, मास्टर ट्रेनरना अडचणी विचाराव्यात, तिथे काय फसलं तेही लिहून आणावं. अहवाल युनिकोड मराठीत सर्वांना वाचायला खुला करावा. उत्तर नकारार्थी असेल तर ते आकड्यांसह आणि कारणांसह द्यावं.

कळावे,

आपला विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षक, मराठवाडा