नवारा तांदळाच्या पेजेविषयी

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तापातून उठलेल्या काकूंसाठी तू नवारा तांदूळ मागवलास, परंतु कुकरमध्ये तो बाहेरून चिकट आणि आतून कच्चा राहिला, असे तू लिहितोस. हा तांदूळ मोकळ्या भातासाठी नाहीच. त्याची पेज करावी.

केरळातील, विशेषतः पालक्काडच्या परिसरातील हे वाण आयुर्वेदातील षष्टिक, म्हणजे साधारण साठ दिवसांत तयार होणाऱ्या ‘साठी’ भातांत मोडते. चरकसंहितेने नित्य सेवनास योग्य म्हणून सांगितलेल्या पदार्थांत षष्टिक हा मूग, सैंधव आणि आवळा यांच्या पंगतीला आहे. नवारा तांदळाला २००७-०८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पीक ६० ते ९० दिवसांत हाती येते खरे, पण उतारा कमी, म्हणून भाव चढा.

कोंडा न काढलेला हा लालसर दाणा रात्रभर भिजत घालावा. शास्त्रात विलेपीला (घट्ट पेजेला) तांदळाच्या चौपट, यवागूला (मध्यम पेजेला) सहापट आणि मंडाला (शितांशिवाय घ्यायच्या पातळ निवळीला) चौदापट पाणी सांगितले आहे. भूक मंद असेल तितकी पेज पातळ, हे त्यामागचे तत्त्व. काकूंसाठी मी मंडापासून सुरुवात करीन आणि भूक वाढेल तसे पाणी कमी करीत जाईन. जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर, दाणा बोटांनी सहज चिरडेपर्यंत शिजू द्यावे.

केरळात कर्किटकम् महिन्यात, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पावसाने जठराग्नी मंदावला असताना हीच पेज (तिकडे तिला कंजी म्हणतात) मेथी, जिरे आणि नारळाचे दूध घालून घेतात. पातळ दूध शिजताना आणि घट्ट दूध आच बंद केल्यावर घालावे, नाहीतर ते फुटते. मेथी भिजवूनच घाल आणि बेतानेच, कारण तिचा कडवटपणा सगळ्या पेजेवर मात करतो. नारळाचे दूध पचायला जड असल्यामुळे पहिले काही दिवस ते नकोच. जिरे आणि सैंधव पुरे.

तू विचारलेली नवरकिळी मात्र स्वयंपाकघरातली गोष्ट नव्हे. तिच्यात हाच तांदूळ दूध आणि बलामूळाच्या (आपल्या चिकण्याच्या मुळाच्या) काढ्यात शिजवून पुरचुंडीत बांधतात आणि तिने अंग शेकतात. ते वैद्यांच्या देखरेखीखालीच व्हावे.

आणखी एक. औषधी म्हटला तरी तो तांदूळच आहे. काकूंना मधुमेह असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरव आणि गूळ घालू नकोस. उरलेला तांदूळ हवाबंद डब्यात ठेव, कारण कोंड्यातील तेलामुळे तो लवकर खवट होतो.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा स्नेही