मांजरांच्या अंघोळीचा अट्टहास नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव, धुळे, भुसावळकडे अलीकडे पर्शियन मांजरे पाळण्याची हौस वाढली आहे आणि तिच्या पाठोपाठ पाळीव प्राण्यांची पार्लरेही आली आहेत. ऊन तापू लागले की ‘दर आठवड्याला अंघोळ’, ‘समर कट’ अशा सवलतींच्या जाहिराती दिसू लागतात. मुळात कुत्र्यांसाठी आखलेला हा रिवाज मांजरांना जसाच्या तसा लागू केला जातो आणि खान्देशातल्या उन्हाळ्यात तो त्यांच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून हे पत्र.

आखूड केसांच्या निरोगी गावठी मांजराला अंघोळीची गरज जवळजवळ नसतेच. त्याच्या जिभेवरचे काटे टोकाशी पोकळ असतात आणि ते लाळ थेट केसांच्या मुळाशी पोहोचवतात, असे अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. ही लाळ वाळताना अंगातली उष्णताही घेऊन जाते, त्यामुळे जिनिंगच्या आवारात धुळीत लोळलेला बोका सावलीला बसून अंग चाटतो तेव्हा सफाई आणि गारवा अशी दोन्ही कामे उरकत असतो. पर्शियन मांजराची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याची लव इतकी मऊ आणि दाट असते की जिभेचे काटे कातडीपर्यंत पोहोचतच नाहीत, हेही त्याच संशोधनात आढळले. काखेत, कानांमागे आणि पोटाखाली जटा होतात, त्या कातडी ओढून धरतात आणि मांजराला चालतानाही दुखते. यावर उपाय रोज फणी फिरवण्याचा आहे. जटा न सोडवता अंघोळ घातली तर त्या पाण्याने आणखी आवळतात, आणि कात्रीने कापायला जावे तर जटेबरोबर वर उचलली गेलेली पातळ कातडीच कापली जाण्याचा धोका असतो.

समर कटबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा मांजराचे केस काढून त्याला मोकळे करावे असे दयाळू माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. पण तेच केस उन्हाचा तडाखा अडवत असतात, आणि कातडीपर्यंत भादरलेले, विशेषतः पांढरे, मांजर उन्हात भाजते. जटा सुटण्यापलीकडे गेल्या असतील तर मशीनने केस काढावे लागतात हे खरे, मात्र ते औषधोपचार म्हणून करावे, फॅशन म्हणून नव्हे.

तरीही अंघोळ घालणे भाग पडते असे प्रसंग असतात. गजकर्णासाठी पशुवैद्यकांनी औषधी अंघोळ सांगितलेली असते (गजकर्ण मांजराकडून घरातल्या मुलांना होते, त्यामुळे तेथे टाळाटाळ नको), गॅरेजमधले जळके ऑइल अंगाला लागलेले असते किंवा म्हाताऱ्या मांजराला स्वतःला साफ ठेवता येत नाही. अशा वेळी गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी थेट वापरू नये; दुपारी त्याने माणसाचा हातही पोळतो, आणि डिसेंबरात पहाटे तेच पाणी बर्फासारखे असते. कोमट पाणी आधीच घमेल्यात चार बोटे भरून ठेवावे, तळाशी जुना पंचा अंथरावा, म्हणजे पाय घसरत नाहीत. मांजराची निम्मी भीती त्या घसरण्याची आणि नळाच्या आवाजाची असते. पाणी मगाने मानेखाली घालावे, तोंड ओल्या फडक्याने पुसावे, साबण पुरता निघेपर्यंत धुवावे. मान पकडून लोंबकळवणे किंवा चौघांनी मिळून दाबून धरणे याला मी क्रूरपणाच म्हणेन. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर अंघोळ तेथेच थांबवून दवाखाना गाठावा. चावा बसला किंवा ओरखडा उठला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

सर्वांत मोठा धोका मात्र पाण्यात काय मिसळले जाते याचा आहे. मांजर अंगावरचे सगळे चाटते, आणि फिनॉल गटातील रसायनांचा निचरा करणारी यकृतातली प्रक्रिया त्याच्यात फार दुबळी असते. म्हणून फिनेल, घरातली जंतुनाशक द्रावणे, टी-ट्रीसारखी सुगंधी तेले त्याच्यासाठी विष ठरतात. आपल्याकडे तर घरोघरी गोठा आणि गोठ्यात गोचिडांच्या औषधाची बाटली. जनावरांसाठी किंवा कुत्र्यांसाठी असलेले परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखे औषध उरले म्हणून पिसवांसाठी मांजराला चोळले जाते. मग लाळ गळते, अंग थरथरते, झटके येतात आणि मालक म्हणतो, मांजर पाण्याला घाबरले!

पार्लरमध्ये मांजर नेणाऱ्यांनीही काही गोष्टी विचारून घ्याव्यात. भर दुपारी पोत्यात घालून दुचाकीवरून नेलेले मांजर तेथे पोहोचण्याआधीच अर्धमेले झालेले असते, म्हणून वेळ सकाळची घ्यावी आणि जाळीची टोपली वापरावी. चपट्या नाकाच्या पर्शियन मांजराला गरम हवेच्या बंद पिंजऱ्यात वाळवू देऊ नये. आणि ‘थोडे गुंगीचे देतो, शांत राहील’ असे कोणी म्हणाले तर मांजर उचलून घरी आणावे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकीय उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांना आहे, दुकानदाराला नाही. कायद्याचा धाक पुरेल असे समजू नये; १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये एवढाच आहे, आणि २०१८ चे पेट शॉप नियम आहेत ते प्राण्यांच्या विक्रीबाबत.

एरवी स्वतःला चाटूनपुसून ठेवणारे मांजर अचानक मळकट दिसू लागले तर त्याला पार्लरला न नेता पशुवैद्यकांकडे न्यावे. दात किंवा हिरड्या दुखत असल्या, सांधे आखडले असले किंवा वजन फार वाढले असले की मांजर अंग चाटणे सोडते, आणि शाम्पूने ते दुखणे झाकले जाते.

जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांवर गाई-म्हशी आणि शेळ्यांचा भार आहे आणि तो योग्यच आहे, त्यामुळे मांजरांसाठी वेगळी सोय मागण्याचा माझा आग्रह नाही. गोचिडांची कोणती औषधे मांजराला लावू नयेत, एवढी मराठीतली पाटी मात्र या दवाखान्यांत आणि ही औषधे विकणाऱ्या कृषी सेवा केंद्रांत पशुसंवर्धन विभागाने उन्हाळ्यापूर्वी लावावी, ही आपल्या दैनिकामार्फत विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, भुसावळ