चेक इंजिनच्या दिव्याचं कारण शोधून देणाऱ्यांचे आभार

जुन्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर कोड आला पी ०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. हा कोड दिसला की ऑक्सिजन सेन्सर बदलायचा, हा अनेकांचा आवडता उद्योग. तो बिचारा फक्त तक्रार नोंदवत असतो.

म्हणून पहिले आभार ‘कोड लगेच पुसू नका’ असं बजावणाऱ्यांचे. पुसला की फ्रीझ फ्रेम, म्हणजे दिवा लागतानाच्या स्थितीची नोंदही जाते. मग दिवा किती आरपीएमला, किती तापमानाला लागला ते कळणार कसं?

दुसरे आभार लाइव्ह डेटा वाचायला लावणाऱ्या काकांचे. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणकाने पेट्रोलात केलेली वाढ-घट, अधिक २२ टक्के, २५०० आरपीएमला अधिक ४. एमएएफ सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) गाडीत ही खूण बहुधा व्हॅक्यूम गळतीची, म्हणजे सेन्सरच्या पुढे फटीतून हवा शिरण्याची. आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं, त्यामुळे सेन्सरला चुकवून शिरलेल्या हवेचा वाटा मोठा ठरतो. आरपीएम वाढले की तो नगण्य होतो. लोडवर, म्हणजे इंजिनावर जोर पडताना, ट्रिम उलट वाढत गेली असती, तर पेट्रोल पंप, फिल्टर नाहीतर मळलेला एमएएफ बघावा लागला असता.

आणि स्मोक मशीनवाले दादा! एक पीएसआयच्या आत दाब ठेवून त्यांनी इंजिनाच्या हवेच्या मार्गात धूर सोडला, तो पीसीव्ही होजच्या (इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या नळीच्या) वळणातून निघाला. वरून होज धडधाकट, खालून तेलाने मऊ पडून चिरलेला. बोटाने वाकवल्याशिवाय चीर दिसतच नव्हती. नवा होज, दोन क्लिप. कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) फवारून गळती शोधू दिली नाहीत, त्याबद्दलही धन्यवाद. तापलेल्या एक्झॉस्टवर तो पेट घेतो.

ट्रिम आता आयडललाही आणि २५०० आरपीएमलाही ५ टक्क्यांच्या आत आहे.